औषध जमिनीत कुठवर जाते?

तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. पण तंजावर हे तमिळनाडूचे भाताचे कोठारही आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या गावांत भाताच्या मुळांना एक छुपा शत्रू आहे. त्याचे नाव हिर्शमानिएला ओरायझी. सुमारे दीड मिलिमीटर लांबीचा हा सूत्रकृमी पाणी साचलेल्या चिखलातही जगतो आणि मुळांत शिरून त्यांना पोखरतो.

सूत्रकृमींवरचे एक जुने औषध म्हणजे ३ टक्के दाणेदार कार्बोफ्युरान. थोडे गणित करू. हेक्टरी ३३ किलो दाणे टाकले, तर त्यात मूळ विष सुमारे १ किलो, म्हणजे दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम. एक लिटर पाण्यात ते सुमारे ३२० मिलिग्रॅम विरघळते. म्हणजे एवढे विष विरघळायला मोठा पेलाभर पाणी पुरे. शेतात ५ सेंटिमीटर पाणी उभे असेल, तर दर चौरस मीटरवर ५० लिटर पाणी असते!

विरघळलेले औषध पाणी जाईल तिकडे जाते. चिकण माती आणि शेणखत त्याला थोडेफार धरून ठेवतात. चिकण मातीत पाणी हळू मुरते, त्यामुळे जिवाणूंना विषाचे विघटन करायला वेळ मिळतो. रेताड मातीत हा वेळ मिळत नाही. जुन्या त्रिभुज प्रदेशात भारी चिकण माती आहे, तर पट्टुकोट्टैकडच्या नव्या कालवा-क्षेत्रात हलकी माती आहे. औषध तेच, पण धोका वेगळा.

खरी अडचण इथेच आहे. औषध मुळांपर्यंत पोहोचले नाही, तर शत्रू वाचतो. मुळांच्या खाली गेले, तर विहिरीची वाट धरते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने डीबीसीपी या सूत्रकृमीनाशकाचा वापर १९७७ मध्ये थांबवला. तरीही १९७९ मध्ये ते तिथल्या विहिरींत सापडले. आपल्याकडे २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बोफ्युरानचे ३ टक्के वेष्टित दाणे वगळून बाकी सर्व प्रकार बंद केले.

म्हणून पावसाच्या तोंडावर औषध टाकू नये, बांध फुटका ठेवू नये आणि शेणखत भरपूर घालावे. भातानंतर उडीद-मूग घेतले, की या सूत्रकृमीचे खाद्यच तुटते. शत्रूची रसद तोडली, तर दारूगोळा कमी लागतो. आणि गावाच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहते.