वसईचं हॉटेल ते बॅलार्ड पिअर : एका प्रवासाचा 'पर्ट'

'पर्ट आणि सी.पी.एम.' हा चाप्टर आपल्यापैकी बहुतेकांनी पी.एल.मध्ये एका रात्रीत उरकलेला असतो. सूत्र पाठ, एक नेटवर्क डायग्राम, आठ मार्क खिशात. १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ही पद्धत तयार झाली, हे वाक्य व्हायवापुरतं लक्षात राहतं आणि एक्स्टर्नलची गाडी गेटबाहेर पडली की तेही विसरतं. गेल्या लग्नसराईत मात्र मला हा चाप्टर घरी वापरावा लागला. तो कसा वापरला, ते या लेखात मांडतो. हॉस्टेलवरून इंटरव्ह्यूला, परीक्षेला किंवा गावच्या गाडीला पळणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल.

आधी प्रॉब्लेम स्टेटमेंट. आमचं घर गिरीजला, हिराडोंगरीच्या पायथ्याकडे. रविवारी संध्याकाळी ताईचं लग्न. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून नांदेडहून आलेल्या मावशी आणि काकांची सोय वसई रोड स्टेशनजवळच्या एका हॉटेलात केली होती. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. नोकरीत असताना "एकदा बोटीनं जाऊ" असं त्यांनी मावशीला कबूल केलं होतं, ते निवृत्तीनंतर जमून आलं. सोमवारचं मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट. जहाज सुटणार संध्याकाळी ५ ला, चेक-इन बंद होणार दुपारी ३ ला. पोचलं नाही तर पैसे परत नाहीत, हेही बारीक अक्षरात छापलेलं. "तू इंजिनिअर होणार ना, मग तूच टायमिंग काढ," असं म्हणून बाबांनी काम माझ्याकडे दिलं.

पहिला प्रश्न : जायचं नक्की कुठे? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मुंबईत "बोटीचा धक्का" म्हटलं की टॅक्सीवाल्याच्या डोळ्यांसमोर तीन जागा येतात. गेटवे ऑफ इंडिया, म्हणजे एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँची. भाऊचा धक्का, म्हणजे रेवसच्या लाँची आणि २०२० पासूनची मांडव्याची रो-रो. तिसरं बॅलार्ड पिअर, म्हणजे मोठी क्रूझ जहाजं. त्यात २०१८ साली सुरू झालेली 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा क्रूझ भाऊच्या धक्क्याजवळून सुटायची, त्यामुळे "गोव्याची बोट" म्हटलं की गोंधळ हमखास. आता क्रूझसाठी इंदिरा डॉकला मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालं आहे, त्याचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. तेव्हा टॅक्सीत बसताना "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं स्पष्ट सांगायचं आणि तिकिटावर छापलेलं गेट आदल्या दिवशी पुन्हा वाचायचं.

दुसरा प्रश्न : जहाज दहा मिनिटं थांबत का नाही? एस.टी.चा कंडक्टर ओळखीचा असला तर डबल बेल द्यायला थोडा उशीर करतो. इथे तसं नसतं. जहाज बंदरातून बाहेर काढायला बंदराचा पायलट चढतो, टग लागतात आणि त्यांची वेळ आधी ठरलेली असते. शिवाय बॅलार्ड पिअर उघड्या पाण्यावर आहे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. तेवढं जहाज धक्क्याला लागूनच वर-खाली होतं आणि त्याबरोबर माणसं चढायच्या शिडीचा उतारही बदलतो. प्रवाशांची अंतिम यादी, सामानाची तपासणी, हे सगळं जहाज हलण्याच्या बरंच आधी मिटवावं लागतं. म्हणून आपली खरी डेडलाइन ३ ची, ५ ची नाही. उलटं मोजायला सुरुवात ३ पासूनच करायची.

आता मूळ गणित. पर्टमध्ये प्रत्येक कामाला तीन वेळा देतात : सगळं छान जमलं तर लागणारी (क), नेहमी लागणारी (ख) आणि सगळं बिघडलं तर लागणारी (ग). अपेक्षित वेळ = (क + ४ख + ग) ÷ ६ आणि सिग्मा = (ग − क) ÷ ६. मी स्वतः दोनदा त्या रस्त्यानं जाऊन आलो, काकांच्या चालीचा अंदाज घेतला आणि लोकलच्या प्रवासाचे पाच तुकडे पाडले. सगळे आकडे मिनिटांत :

१. हॉटेलची खोली ते प्लॅटफॉर्म : १५, २०, ४०. अपेक्षित २२.५
२. बॅगांसह चढता येईल अशा गाडीची वाट : ५, १५, ४०. अपेक्षित १७.५
३. वसई रोड ते चर्चगेट : ६५, ७५, ११५. अपेक्षित ८०
४. चर्चगेट ते टॅक्सीनं गेट : १५, २५, ५०. अपेक्षित २७.५
५. गेटवरची तपासणी ते चेक-इन काउंटर : १०, २०, ६०. अपेक्षित २५

बेरीज १७२.५. आता सिग्माची सरळ बेरीज करायची नाही, व्हेरियन्सची करायची आणि मग वर्गमूळ काढायचं. (सर, हे आठ मार्कांतले चार मार्क!) व्हेरियन्सची बेरीज येते सुमारे २२४, म्हणजे सिग्मा १५. तीन सिग्मा धरले तर १७२.५ + ४५ = साधारण २१८ मिनिटं, म्हणजे ३ तास ३८ मिनिटं. ३ वाजण्यापूर्वी तेवढं मागे गेलं की ११ वाजून २२ मिनिटं होतात. मी घरी जाहीर केलं : खोलीला कुलूप ठीक ११ ला.

मामा हसले. त्यांचा हिशोब असा : वीस, पंधरा, पंचाहत्तर, पंचवीस, वीस. म्हणजे अडीच तास आणि वर पाच मिनिटं. "जेवून साडेबाराला निघा की!" नीट बघा, मामांनी फक्त 'ख' ची बेरीज केली होती. आपण सगळे रोज हेच करतो. पण 'नेहमी लागणारी वेळ' ही एका बाजूला झुकलेली असते. लवकर पोचायला फार तर दहा मिनिटांची जागा असते, उशिराला मात्र चाळीस मिनिटांचं मैदान मोकळं. पर्टचं सूत्र हा झुकाव हिशोबात घेतं, मामा घेत नाहीत.

मग गाडी का केली नाही? तेही मांडून बघितलं. वसईहून रस्त्यानं म्हणजे आधी हायवे गाठा, वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडा, दहिसर, वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, सी लिंक, कोस्टल रोड आणि मग फोर्ट. माझे आकडे होते १००, १४०, २७०. खोली ते गाडी आणि गेटची तपासणी धरून अपेक्षित वेळ १९६ मिनिटं, लोकलपेक्षा २३ च मिनिटं जास्त. पण सिग्मा ३०, म्हणजे बरोबर दुप्पट! तीन सिग्मासह ४ तास ४६ मिनिटं. पाच छोट्या अनिश्चितता एकमेकींना थोड्या सांभाळून घेतात, एकच मोठी अनिश्चितता कोणाचं ऐकत नाही. सरासरीपेक्षा पसरट किती, हे जास्त महत्त्वाचं.

तिसरा पर्याय गणितात सगळ्यांना हरवणारा होता : रविवारी रात्रीच फोर्टमधल्या हॉटेलात जाऊन राहायचं. मग सोमवारी उरतात फक्त टॅक्सी आणि गेट. अपेक्षित ४७.५ मिनिटं, तीन सिग्मासह ७८. वसई ते मुंबई प्रवास काही कमी होत नाही, पण तो क्रिटिकल पाथवरून खाली उतरतो आणि त्याला अख्ख्या रात्रीचा फ्लोट मिळतो. बाहेरगावहून येऊन जहाज, विमान किंवा परीक्षा गाठायची असेल तर हाच पर्याय घ्या, असं मी आजही सांगेन.

पण आमच्याकडे पाठवणी रात्री होती. आई गेल्यापासून ताईचं सगळं मावशीनंच केलं, नांदेडहून फोनवर आणि सुट्ट्यांत इथे येऊन. मावशी एवढंच म्हणाली, "बोट गेली तर गेली. तिची ओटी भरून मगच मी हलणार." हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा ते पुस्तकात नाही. अभियांत्रिकीत अशा गोष्टीला 'कन्स्ट्रेंट' म्हणतात. तो आधी मान्य करायचा आणि उरलेल्या जागेत उत्तम उत्तर शोधायचं. तिसरा पर्याय मी खोडला.

अजून सुरक्षित म्हणून सकाळी ९ लाच का निघालो नाही? कारण तेव्हा ऑफिसची गर्दी. बॅगा आणि गुडघा घेऊन त्या गर्दीत चढणं म्हणजे दुसऱ्या तुकड्याचा 'ग' आणखी वाढवणं. लवकर निघणं नेहमीच सुरक्षित असतं असं नाही.

एक सावधानता मात्र सांगायलाच हवी. पर्टचं गणित धरून चालतं की सगळी कामं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मुंबईत तसं नसतं. लोकल अडली की तीच माणसं रस्त्यावर येतात, टॅक्सी मिळत नाही आणि गेटवरही सगळे एकदमच पोचतात. अशा दिवशी तीन सिग्माही अपुरे पडतात. त्यावर उपाय म्हणजे वाटेत पर्याय ठेवणं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते. दादर किंवा मुंबई सेंट्रलला अडकलोच तर तिथून मेट्रोनं सी.एस.एम.टी. गाठायचं, असं मी चिठ्ठीवर लिहून काकांच्या खिशात ठेवलं होतं.

गंमत म्हणजे आपले पूर्वज याबाबतीत पुढे होते. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल काही काळ थेट बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून, म्हणजे विलायतेच्या बोटीच्या शेजारून सुटायची आणि वसईवरूनच उत्तरेला जायची. गाडीचं वेळापत्रक बोटीशी जोडलेलं. दोन कामांमधला सांधा कमी केला की अनिश्चितताही कमी होते, हे तेव्हाच्या लोकांनी पर्ट जन्मायच्या तीस वर्षं आधी ओळखलं होतं.

आता निकाल. मी सोबत गेलो आणि घड्याळ लावलं. जिन्यावर काका दोनदा थांबले, प्लॅटफॉर्मला ४० मिनिटं. भरलेल्या गाड्या सोडून दिल्या, ३५. लोकल अगदी वेळेत, ७५. टॅक्सी ३०, गेट २०. एकूण २००. दुपारी २ वाजून २० मिनिटांनी दोघं काउंटरसमोर. चाळीस मिनिटं हातात होती, त्यात मावशीनं डब्यातले लग्नाचे लाडू काढले.

मामांच्या हिशोबानं १२ वाजून २५ मिनिटांनी निघालो असतो तर पोचलो असतो पावणेचारला. त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं, लोकलसुद्धा वेळेवर होती. गेला वेळ तो फक्त गुडघ्यात आणि गर्दीत.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठे वेळेवर पोचायचं असेल तेव्हा वहीच्या मागच्या पानावर एवढं करा. खरी डेडलाइन कोणती ते ओळखा. तिथून उलटे या. प्रत्येक तुकड्याला तीन आकडे द्या. सोबत कोण आहे त्याच्या चालीनं मोजा, स्वतःच्या नाही. जी गोष्ट सोडायची नाही ती आधीच बाजूला काढून ठेवा. आठ मार्कांचा चाप्टर आहे, पण कोणाची तरी बोट त्यावर अवलंबून असू शकते.