ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ह्यांची बालचित्रे आणि वत्सल रसाची मर्यादा

१

छायाचित्रणाच्या इतिहासात ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन (१८१५–१८७९) ह्यांचे स्थान आता वादातीत आहे. हर्शेल, टेनिसन, कार्लाइल, डार्विन ह्यांची त्यांनी घेतलेली व्यक्तिचित्रे एकोणिसाव्या शतकाच्या इंग्लंडचा चेहरा म्हणूनच ओळखली जातात. १९२६ साली व्हर्जिनिया वुल्फ आणि रॉजर फ्राय ह्यांनी कॅमेरॉन ह्यांच्या निवडक चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात ‘प्रसिद्ध पुरुष’ आणि ‘सुंदर स्त्रिया’ असे दोनच वर्ग आले. तिसरा वर्ग बालकांचा. तो शीर्षकात नाही. फ्राय ह्यांनी व्यक्तिचित्रांची मनःपूर्वक स्तुती केली, परंतु धार्मिक व काव्यात्म रचना त्यांना फसलेल्या वाटल्या; आणि कॅमेरॉन ह्यांची तान्ही मुले बहुतांशी ह्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांतच आढळतात. ही बालचित्रे केवळ भावविवश म्हणून बाजूला सारणे योग्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

कोलकात्याच्या वाचकाला ह्या प्रश्नात आणखी एक अगत्य असावे. कॅमेरॉन ह्यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी ह्याच नगरात झाला. वडील जेम्स पॅटल कंपनी सरकारच्या सेवेत होते. आई फ्रेंच वंशाची होती. शिक्षण मुख्यतः फ्रान्समध्ये झाले. १८३६ साली प्रकृतीसाठी केप ऑफ गुड होप येथे गेल्या असता त्यांची ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल ह्यांच्याशी ओळख झाली, आणि पुढे छायाचित्रणाच्या नव्या शोधाची वार्ता हर्शेल ह्यांच्या पत्रांतूनच त्यांना कलकत्त्यात मिळाली. १८३८ मध्ये त्यांनी चार्ल्स हे कॅमेरॉन ह्यांच्याशी विवाह केला. मेकॉले ह्यांच्याबरोबर विधी आयोगावर काम केलेले आणि पुढे गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे विधी सदस्य झालेले हे गृहस्थ कलकत्त्याच्या शिक्षण मंडळाचेही अध्यक्ष होते. १८४८ साली हे कुटुंब इंग्लंडला परतले. त्याच्या आदल्याच वर्षी कॅमेरॉनबाईंनी केलेला ब्युर्गर ह्या जर्मन कवीच्या ‘लेनोरे’ ह्या कथाकाव्याचा इंग्रजी अनुवाद लंडनला प्रसिद्ध झाला होता. मेलेला प्रियकर वधूला न्यायला परत येतो, असे त्या काव्याचे कथानक आहे. मृत्यूची छाया त्यांच्या कलाजीवनावर कॅमेरा हाती येण्यापूर्वीच पडलेली होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

२

१८६३ च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथील घरातल्या कोंबड्यांच्या खुराड्याचे त्यांनी काचगृह केले आणि कोळशाच्या कोठीची काळोखी खोली बनविली. १८६४ च्या जानेवारीत ॲनी फिलपॉट ह्या लहान मुलीचे चित्र साधले. त्यालाच त्यांनी आपले पहिले यश म्हटले. म्हणजे ह्या कारकिर्दीचा आरंभच बालकाच्या चेहऱ्याने झाला. पुढील सुमारे पंधरा वर्षांत काढलेली त्यांची बाराशेहून अधिक चित्रे आज ज्ञात आहेत.

त्यांची पद्धत ओल्या कलोडियनची होती. काचेवर द्रावण पसरून ती ओली असतानाच रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवायची, कॅमेऱ्यात ठेवायची, आणि सुकण्यापूर्वी काळोख्या खोलीत नेऊन चित्र उमटवायचे. कॅमेरॉन मोठ्या काचा वापरत, चेहरा अगदी जवळून घेत आणि प्रकाश मंद ठेवत. त्यामुळे समोरच्या माणसाला बराच वेळ निश्चल राहावे लागे. टेनिसन निश्चल बसू शकत होते. दोन वर्षांचे मूल बसणार नाही. ते हलले की चित्र धूसर होते. ‘फोटोग्राफिक जर्नल’सारख्या नियतकालिकांनी कॅमेरॉन ह्यांच्यावर धूसरपणाचाच आक्षेप घेतला होता.

ह्या अडचणीतून दोन मार्ग निघत. एक, मुलाला कुणाच्या तरी बाहूंत घट्ट धरून ठेवणे; दुसरा, ते झोपेपर्यंत थांबणे. १८६४ मध्ये ‘आत्म्याची फळे’ ही नऊ चित्रांची मालिका सिद्ध झाली, तीत माता आणि बालक ह्यांची जवळीक पहिल्या मार्गाची आहे. मातेच्या भूमिकेत घरातली दासी मेरी हिलियर असते. १८६५ च्या ‘भक्ती’ ह्या चित्रात मेरी हिलियर निजलेल्या बालकावर वाकलेली आहे; हे बालक म्हणजे कॅमेरॉन ह्यांचा नातू आर्ची. त्याच वर्षीच्या ‘क्रुसाची छाया’ ह्या चित्रात तोच नातू निजलेला असून जवळ क्रूस आहे. झोप ही यंत्राची गरज होती. कॅमेरॉन ह्यांनी तिला अर्थ दिला. ख्रिस्ती चित्रपरंपरेत निजलेला बालयेशू हा त्याच्या मृत्यूची पूर्वसूचना मानला जातो, आणि ती परंपरा येथे तंत्राच्या मर्यादेशी जुळून आली.

३

आपल्या काव्यशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने वत्सल हा स्वतंत्र रस मानला, अपत्य हे त्याचे आलंबन आणि अपत्याच्या चेष्टा हे उद्दीपनांपैकी पहिले. बंगालच्या वैष्णव आचार्यांनी, विशेषतः रूप गोस्वामींनी, ह्याच भावाला भक्तिरसाचे स्थान दिले. मराठी गौळणी आणि बंगाली बाललीलापदे ह्यांचे सारे सौंदर्य चेष्टांत आहे: रांगणे, लोणी चोरणे, माती खाणे, खोटे बोलणे. आपला बालदेव एका जागी ठरत नाही, हेच त्याचे देवत्व. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातून कृष्ण-यशोदेची जी चित्रे घरोघर गेली, त्यांत चित्रकाराला चेष्टा कल्पनेने रंगविता आली. ओल्या काचेला ती सोय नव्हती.

तेव्हा कॅमेरॉन ह्यांच्या चित्रांत वत्सल रसाचे आलंबन आहे, पण मुख्य उद्दीपन नाही. चेष्टा वजा केल्यावर वात्सल्यात जे उरते ते म्हणजे भय: हे मूल पुन्हा जागे होईल ना, ही शंका. त्या काळी बालमृत्यू हा घरोघरचा अनुभव होता. ही चित्रे गोड वाटण्याऐवजी अस्वस्थ करतात ह्याचे कारण येथे सापडते. त्यांना भावविवश म्हणणारी टीका ही अस्वस्थता लक्षात घेत नाही.

हे भय काल्पनिक नव्हते, ह्याचा एक पुरावा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कॅमेरॉन ह्यांच्या भाचीचे पती मेजर हर्बर्ट क्लॉगस्टन हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात होते. मे १८६२ मध्ये ते आजच्या मराठवाड्यातील हिंगोली येथे लढाईत मारले गेले. अनाथ झालेल्या त्यांच्या मुलींपैकी ॲडलीन ग्रेस कॅमेरॉन कुटुंबात वाढली. १८७२ साली बालवयातच ती वारली, आणि कॅमेरॉन ह्यांनी मृत्युशय्येवरील तिचे छायाचित्र घेतले. सात वर्षांपूर्वी नातवाच्या झोपेत सूचित झालेली गोष्ट येथे प्रत्यक्ष आहे. मात्र येथे देवदूताचे पंख नाहीत आणि क्रूसही नाही.

४

पंखांचाही विचार केला पाहिजे. १८७२ च्या ‘मी वाट पाहते’ ह्या चित्रात रेचल गर्नी ही बहिणीच्या वंशातली नात हंसाचे पंख लावून हातांवर हनुवटी टेकून बसली आहे. तिची बहीण लॉरा हिने पुढे आठवणींत ह्या जड पंखांचा त्रास नोंदविला आणि आम्हा मुलींचे चेहरे खिन्न दिसतात त्यात नवल नाही, असा अभिप्राय दिला. ज्याला आपण अलौकिक विषाद समजतो, तो काही अंशी कंटाळलेल्या मुलीचा लौकिक त्रास आहे. मूल संमती देत नाही; त्याला देवदूत करणारा प्रौढ असतो. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ॲन गेडिस ह्यांच्या ‘डाउन इन द गार्डन’ ह्या पुस्तकात तान्ही मुले फुलापानांत सजली, तेव्हाही हा प्रश्न शिल्लकच होता. फरक इतकाच की कॅमेरॉन ह्यांच्या चित्रात मुलाची नाराजी पुसली गेलेली नाही. ती काचेवर राहिली, आणि तेथेच त्या चित्राची सत्यता आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या ह्या कलावतीच्या बालचित्रांत कलकत्त्याचे मूल नाही. कॅमेरा हाती आला तेव्हा हे नगर पंधरा वर्षे मागे पडले होते, हे खरे. परंतु ज्या संपन्नतेवर काचगृह उभे होते, तिची मुळे कंपनीच्या नोकरीत आणि सिलोनच्या कॉफीच्या मळ्यांत होती. १८७५ मध्ये त्या सिलोनला गेल्या. तेथे त्यांनी मळ्यांवरील व गावांतील माणसांची थोडी चित्रे घेतली; २६ जानेवारी १८७९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. फ्रेशवॉटरच्या गरीब घरांतील मुले त्यांच्या काचेवर बालयेशू झाली. मळ्यातली माणसे अभ्यासाचा विषय राहिली. वात्सल्याला वंशाची सीमा पडली होती.

तरीही एक धागा उलट दिशेने येतो. कॅमेरॉन ह्यांनी आश्रय दिलेली मेरी रायन ही आयरिश भिकारणीची मुलगी त्यांच्या अनेक चित्रांत आहे. तिच्याशी १८६७ मध्ये विवाह केलेले हेन्री कॉटन बंगालच्या मुलकी सेवेत आले, आणि १९०४ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

तात्पर्य, ह्या बालचित्रांकडे गोड प्रतिमा म्हणून पाहिल्यास ती लवकर संपतात. चेष्टेचा अभाव, निद्रेतील मृत्यूची सूचना, मुलाची नाराजी आणि न घेतलेली मुले, इतक्या गोष्टी एकत्र वाचल्या तर त्यांतून एका काळाच्या वात्सल्याची व्याप्ती आणि त्याची हद्द ह्या दोन्ही दिसतात. वत्सल रसाचा विचार आपण सहसा काव्यापुरता करतो; काचेवर उमटलेल्या मुलांसाठीही तो करून पाहावा, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.