कार्ड मशीन विचारतं : रुपये की फ्रँक?

प्रश्न : आम्ही घरचे सगळे युरोपची सहल करून आलो. स्वित्झर्लंडमध्ये लुझर्नच्या एका दुकानात खरेदीचे पैसे देताना कार्ड मशीनवर दोन पर्याय आले : ‘आयएनआर’ म्हणजे रुपये आणि ‘सीएचएफ’ म्हणजे स्विस फ्रँक. विक्रेतीने सुचवलं, की रुपये निवडा, म्हणजे किती गेले ते इथेच कळेल. आम्ही तसंच केलं. घरी आल्यावर भाचा म्हणाला, तिथेच फसलात. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आमचं कार्ड भारतातलं आहे हे त्या मशीनला कळलं कसं? आणि रुपयांच्या कार्डाने रुपयांतच पैसे दिले, तर तोटा कुठे झाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या कार्डावरच्या लांबलचक क्रमांकातले सुरुवातीचे सहा ते आठ अंक तुमच्या खात्याचे नसतात, ते बँकेची ओळख सांगतात. पहिला अंक ४ असेल तर कार्ड व्हिसाचं. पुढच्या अंकांवरून ते कोणत्या देशातल्या कोणत्या बँकेने दिलंय हे ठरतं. दुकानाच्या मशीनमागे या अंकांची यादी असते. कार्ड लावताच मशीन यादी पाहतं, कार्ड भारतातलं आहे हे ओळखतं आणि तुमच्यापुढे रुपयांचा पर्याय ठेवतं. जर्मन कार्ड असतं तर त्याच मशीनने युरो विचारले असते.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गोम त्यातच आहे. पैसे तुमच्या खात्यातून रुपयांत जातात आणि दुकानदाराच्या खात्यात फ्रँकमध्ये पडतात. म्हणजे फ्रँकचे रुपये कुणीतरी, कुठेतरी करणारच. प्रश्न इतकाच, की ते कुणी करायचे आणि कोणत्या दराने. मशीनवरची ती दोन बटणं हेच ठरवत असतात.

तुम्ही फ्रँक निवडले, तर दुकानाची बँक फ्रँकमधली रक्कम पुढे पाठवते. व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दराने तिचे रुपये करतं. हा दर घाऊक बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर तुमची भारतातली बँक आपलं शुल्क लावते. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्के असतं, काहींवर दोन, मोजक्या कार्डांवर शून्य. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो.

रुपये निवडले, तर हे रूपांतर तिथल्या तिथे दुकानाची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी करते. दर ती कंपनीच ठरवते आणि आपला नफा त्या दरातच मिसळते. त्या नफ्यातला वाटा बहुतेक वेळा दुकानालाही मिळतो. त्या विक्रेतीला हे ठाऊक असेलच असं नाही. पण रुपयांचा पर्याय सुचवण्यात दुकानाचा फायदा असतो, एवढं आपल्याला ठाऊक असायला हवं. शिवाय रक्कम रुपयांत आली तरी व्यवहार परदेशातल्या दुकानात झालेला असतो, म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका त्यावरही वेगळं शुल्क घेतात. बहुतेकांना धक्का बसतो तो इथे. रुपयांत भरलं की बँकेचं शुल्क वाचलं, असं वाटत असतं, आणि विवरणपत्रात ते दिसतं.

आकड्यांत पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी एक फ्रँक म्हणजे १०० रुपये धरू आणि खरेदी १०० फ्रँकची. फ्रँक निवडले तर १०,००० रुपये, त्यावर साडेतीन टक्के म्हणजे ३५०, त्यावर जीएसटी ६३. एकूण १०,४१३. आता रुपये निवडले आणि मशीनने दर लावला १०६, असं समजा. तिथेच १०,६०० झाले. त्यावर बँकेने एक टक्का शुल्क आणि जीएसटी लावला की आणखी सुमारे १२५. एकूण १०,७२५. एका खरेदीत तीनशेहून अधिक रुपयांचा फरक, आणि हे साडेतीन टक्केवालं महाग कार्ड धरून. शून्य शुल्काचं कार्ड असतं तर फरक सातशेच्या पुढे गेला असता.

तेव्हा भाच्याचं म्हणणं हिशेबाला बरोबर आहे. ‘फसलात’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही. कार्ड कंपन्यांचा नियम असा, की निवड ग्राहकाने करायची, दुकानदाराने नाही. तुम्हाला विचारलं गेलं आणि तुम्ही निवडलंत. न विचारताच रुपये लावले असते, तर सही किंवा पिन देण्याआधी व्यवहार रद्द करून फ्रँकमध्ये पुन्हा करायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. नंतर लक्षात आलं, तर पावती दाखवून आपल्या बँकेकडे तक्रार करता येते.

एटीएमवर हाच प्रश्न जास्त गोंधळात टाकतो. पैसे काढताना मशीन आपला दर दाखवतं आणि रूपांतर ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’ असे पर्याय देतं. ‘नाकारा’ दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, या भीतीने माणसं ‘स्वीकारा’ दाबतात. नाकारल्यावरही नोटा येतात. नाकारलं जातं ते फक्त त्या मशीनचं रूपांतर.

स्वित्झर्लंडमध्ये आपल्या लोकांची आणखी एक चूक हमखास होते. युरोपची सहल म्हणून सगळं युरोमध्ये नेलं जातं, पण स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे. फॉरेक्स कार्डात फक्त युरो भरले असतील, तर तिथे प्रत्येक खरेदीला युरोचे फ्रँक होतात आणि त्याचं वेगळं शुल्क कापलं जातं. अनेक चलनांच्या कार्डात दोन-तीन दिवसांपुरते फ्रँक आधीच भरून ठेवावेत. पर्यटकांच्या दुकानांत युरोच्या नोटा घेतात, पण दर दुकानाचा असतो आणि सुटे परत मिळतात ते फ्रँकमध्ये. त्यातली नाणी शेवटच्या दिवशी तिथेच संपवा. आपल्याकडचे मनी चेंजर नोटा घेतात, परकी नाणी सहसा घेत नाहीत.

रोख थोडीच न्यावी, हे माझं ठाम मत आहे. नियमही त्याच बाजूचा आहे : बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतचीच परकी रोकड नेता येते, बाकीचं कार्डावर. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतचं चलन ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत परत करावं लागतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त भारतातल्या वापरासाठी सुरू असतं. बाकीची परवानगी आपणच द्यायची असते. हे विमानतळावर आठवण्यापेक्षा घरी आठवलेलं बरं. यूपीआय भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस अशा काही देशांत चालू झालं आहे, पण स्वित्झर्लंडच्या दुकानात त्याच्यावर विसंबून राहू नका.

घरात जुन्या सहलीतल्या स्विस नोटा असतील, तर त्याही एकदा पाहून घ्या. कलावंतांचे चेहरे असलेली मालिका, म्हणजे दहाच्या नोटेवर वास्तुकार ल कॉर्ब्युझिए असलेली, ३० एप्रिल २०२१ पासून चलनातून बाद झाली आहे. दुकानात ती चालणार नाही. स्विस नॅशनल बँक मात्र ती आजही बदलून देते.

लुझर्नची ती पावती जपून ठेवली असेल, तर काढा. तुम्हाला कोणता दर लावला ते तिच्यावर छापलेलं असतं. त्या तारखेचा व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. शेजारी ठेवून वजाबाकी केलीत, की एका बटणाची किंमत तुम्हाला स्वतःच्या रुपयांत कळेल. पुढच्या सहलीत ‘सीएचएफ’ दाबा, थायलंडला गेलात तर बाट, जपानला येन. आणि सोबतच्या मंडळींना, विशेषतः पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आईवडिलांना, हे निघण्याआधीच सांगून ठेवा.