रंगवूया रुग्णवाहिका: निळा दिवा, लाल पट्टा आणि ११२

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी हा तासाभराचा उद्योग आहे. कोऱ्या कागदावर एक मोठा डबा, दोन चाकं, टपावर दिवा आणि बाजूला रुंद पट्टा, एवढं आपण काढून द्यायचं. चित्र सुबक नसलं तर उत्तमच. मुलं चुका दाखवतात आणि गप्पा सुरू होतात.

पट्टा लाल खडूने, दिवा निळ्या खडूने रंगवू द्या. मग पडदे ओढा, दिवे मालवा, दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. लाल पट्टा जवळजवळ काळा दिसेल, निळा दिवा मात्र त्याच्यापेक्षा उजळ. भर उजेडात आपण डोळ्यांतल्या शंकूपेशींनी पाहतो. त्यांना सर्वांत तेजस्वी वाटतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळसर हिरवा. अंधारात काम दंडपेशींकडे जातं. त्यांचा कल ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळ्याच्या बाजूला असतो आणि लाल त्यांना दिसतच नाही म्हणा ना. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. मुलांना नाव नको, 'लाल झोपला, निळा जागा' एवढं पुरे.

आवाज काढल्याशिवाय कुणी गाडी रंगवत नाही. जर्मन मुलं 'टाट्यूटाटा' म्हणतात. इथल्या भोंग्याच्या दोन सुरांत ३:४ हे प्रमाण असतं, म्हणजे आपले सा आणि शुद्ध म! गाडी जवळ येताना दोन्ही सूर चढतात, पुढे गेली की उतरतात (डॉपलर), पण एकाच प्रमाणात, म्हणून सा-म हे अंतर मोडत नाही. आवाजाला घाबरणारं मूल सा-म-सा-म गाऊ लागलं की भीती बरीच ओसरते.

पुढची गोष्ट मुलांना नको, आपल्यासाठी. ३ मे १९६९ रोजी विनेंडेन गावात ब्यॉर्न श्टायगर या आठ वर्षांच्या मुलाला गाडीने धडक दिली. रुग्णवाहिका यायला जवळपास तास लागला आणि रुग्णालयात नेताना तो गेला. त्याच्या आईवडिलांनी संस्था काढून सरकारचा पिच्छा पुरवला. ११० आणि ११२ देशभर लागू करण्याचा निर्णय १९७३ मध्ये झाला.

म्हणून चित्रातल्या नंबरप्लेटवर ११२ लिहायचं. आणि डब्याच्या मोकळ्या भागात? घराचा पत्ता, जर्मन अक्षरांत. आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी आलेले असतात, आपण कामावर असतो, तेव्हा घरात जर्मन बोलणारी व्यक्ती अनेकदा सहा वर्षांची असते! रस्ता, घरक्रमांक, मजला आणि बेलवरचं आडनाव तिला म्हणता यायला हवं. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटना क्रमांक नसतात, बेलवरच्या नावावरूनच घर सापडतं. आपलं 'कुलकर्णी' किंवा 'क्षीरसागर' एकेक अक्षर सुटं करून सांगायचा सराव करा. पलीकडचा माणूस 'झालं' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हेही.

सरावाला फोन म्हणून केळं घ्या. सिम नसलेला जुना मोबाइल मुलांकडे खेळायला असेल, तर त्यावरून जर्मनीत ११२ लागत नाही. खरा फोन कुठे असतो ते आजीलाही दाखवून ठेवा. चित्र त्याच्याच वर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा.