घरात तीन टीव्ही, सामन्याचे बिल किती?

पारनेरमध्ये खाली दुकान किंवा कारखाना आणि वर दोन भावांची बिऱ्हाडे, अशी राहण्याची पद्धत जुनी आहे. अशा घरात एक टीव्ही दुकानात, एक दिवाणखान्यात आणि एक माडीवर असतो. क्रिकेटची आवडही आपल्या जिल्ह्याला नवी नाही. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेणारा झहीर खान श्रीरामपूरचाच. पण या आवडीचे बिल दरमहा येते, आणि व्यापारी बंधूंनी ते मालाच्या बिलाइतकेच बारकाईने पाहावे.

बिलात दोन रकमा असतात, एक जोडणीचा आकार व दुसरी चॅनेलची किंमत. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी लागतो. ट्रायने 2019 मध्ये जोडणीच्या आकाराला 130 रुपयांची मर्यादा घातली. मार्च 2020 पासून एकाच घरातील, एकाच नावावरील पुढच्या प्रत्येक टीव्हीला त्याच्या 40 टक्के, म्हणजे 52 रुपयांहून अधिक घेता येत नव्हते. तीन टीव्हींचे 234, करासह 276 रुपये 12 पैसे. जुलै 2024 मध्ये ही मर्यादा उठली व दर ठरवणे कंपन्यांवर सोपवले गेले. तेव्हा जुन्या पावतीवर विसंबू नये. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, सन डायरेक्ट असो की गावातला केबलवाला, प्रत्येकाला दुसऱ्या आणि तिसऱ्या टीव्हीचा दर निराळा विचारावा. दुकान दुसऱ्या गल्लीत असेल तर तो टीव्ही 'त्याच घरातला' धरला जाईल, असे गृहीत धरू नये.

खरी गळती चॅनेलच्या किमतीत आहे. 19 रुपयांचा एक क्रीडा चॅनेल तिन्ही पेट्यांवर घेतला तर करासह महिना 67 रुपये 26 पैसे, एकाच पेटीवर घेतला तर 22 रुपये 42 पैसे. एका चॅनेलमागे वर्षाला 538 रुपयांचा फरक! क्रीडा चॅनेल चार-पाच असले की काय होईल, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. माडीवर मालिकाच पाहिल्या जात असतील तर त्या पेटीवरून क्रीडा चॅनेल काढून टाकावेत.

केवळ भारताचे सामने पाहणाऱ्यांसाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. तिला मासिक भाडे नाही. 2007 च्या कायद्यामुळे भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-20 सामने दूरदर्शनला मिळतात. कसोटी मात्र सरकार ठरवील त्याच. आयपीएल या यादीत नाही. येथे अनेक जण फसतात. 'केबलवर डीडी स्पोर्ट्स आहेच की,' असे म्हणतात, आणि ऐन सामन्याच्या वेळी तेथे दुसराच कार्यक्रम दिसतो. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असे प्रक्षेपण दूरदर्शनचे स्वतःचे प्रक्षेपण आणि फ्री डिश यांवरच दाखवावे, खासगी केबल-डीटीएचवर नाही.

आमच्या मते दिवाणखान्यात एक पैसे भरलेली जोडणी आणि दुकानात फ्री डिश, हा मेळ बहुतेकांना परवडेल. मात्र छत्री निराळी लागू शकते. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, तर टाटा प्लेचा 83 अंशांवर आहे.

एका छत्रीवर दोन पेट्या चालवायच्या असतील तर केबलचा साधा स्प्लिटर लावू देऊ नका. पेटी त्याच तारेतून 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून छत्रीवरच्या एलएनबीला कोणती लहर हवी ते सांगते. दोन पेट्यांनी एकाच वेळी दोन हुकूम दिले की एकीचे चित्र जाते. दोन तोंडांचा एलएनबी घेऊन प्रत्येक पेटीला स्वतंत्र तार ओढावी.

वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर डिश चालू राहते. केबलला मात्र वाटेतल्या यंत्रांनाही वीज लागते. उलट जोराच्या सरीत डिशचे चित्र अडखळते, पण पारनेरचा पाऊस बेताचाच. मोबाईलवर पाहणाऱ्यांनी एका वर्गणीत एकाच वेळी किती पडदे चालतात ते आधी विचारावे. शिवाय मोबाईलवरचे चित्र टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे असते, त्यामुळे गडी बाद झाल्याची आरोळी शेजारून आधी ऐकू येते.