वर्षाची इंग्रजीची वही उलटी वाचण्याची कृती

साहित्य: नववीची इंग्रजी लेखनाची वही, एक पाठकोरा कागद, पेन्सिल, निळं पेन. लाल नको, ते वर्षभर पुरेसं झालंय. वेळ: सुट्टीतल्या दोन दुपारी.

कृती:

१. वही शेवटच्या पानापासून उघडावी. पहिल्यापासून उघडली की जूनमधलं वळणदार अक्षर बघून आपण उगाच खूश होतो. माझं अक्षर जूनमध्ये गोल, दिवाळीला तिरकं आणि फेब्रुवारीत कोंबडीचे पाय. जांब समर्थात राहून हे कबूल करायला जड जातं. १६०८ साली याच गावात जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिलाय. ओळीला ओळ लागू नये, पानाला भोवती जागा सोडावी, पहिलं अक्षर आणि शेवटचं एकाच टाकाने लिहिलेलं दिसावं. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही, हेही त्यात आहे. सांगितलंय बाळबोध अक्षराबद्दल, पण ए-बी-सी-डीने ऐकायला हरकत नाही.

२. ओट्यावर बसून प्रत्येक लेखन मोठ्याने वाचावं. जीभ अडखळेल तिथे पेन्सिलने ठिपका. दुरुस्ती अजिबात करू नये. घरचे हसतील, हसू द्यावं.

३. आता पाठकोऱ्या कागदावर तीन खाने पाडावेत: घाईच्या चुका, न कळलेल्या चुका, मराठीतून आलेल्या चुका. प्रत्येक ठिपका एका खान्यात टाकायचा. माझा तिसरा खाना भरून वाहिला. रजेच्या अर्जात मी लिहिलं होतं, 'फीवर केम टू मी'. आपल्याकडे ताप येतो, राग येतो, भूक लागते, आठवण येते. सगळं बाहेरून चालत येतं आणि आपण नुसते बसलेले असतो. इंग्रजीत माणसाला वाक्याच्या तोंडाशी उभं राहावं लागतं: आय हॅड अ फीवर, आय वॉज हंग्री. एवढं लक्षात आलं आणि कितीतरी ठिपके एकाच चुकीची पिल्लं निघाली. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझी नऊ वर्षं झाली. हे मला नवव्या वर्षी कळलं.

'अ' आणि 'द' वेगळे मोजावेत. मराठीत ते नाहीतच, म्हणून आपण एक तर विसरतो, नाहीतर बुक्का लावल्यासारखे दिसेल त्याला लावत सुटतो.

४. निळ्या पेनाने, जे आपण स्वतः पाहिलं तेवढ्याच वाक्यांखाली रेघ मारावी. बातमीलेखनात मी गावच्या राम मंदिरातल्या मूर्तींच्या चोरीवर लिहिलं होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या, दोनेक महिन्यांनी पोलिसांना सापडल्या. माझी पहिली चार वाक्यं गाइडमधली, कुठल्याही गावाला चालतील अशी. पाचवं मात्र असं: 'द प्लेस वॉज एम्प्टी, बट माय ग्रँडमदर फोल्डेड हँड्स.' 'हँड्स'च्या आधी 'हर' राहिलाय. सरांनी तो लाल पेनाने घातलाय आणि शेजारी बरोबरची खूणही केलीय. वर्षभरात रेघ मारण्याजोगी वाक्यं माझ्याकडे सात निघाली. कमी वाटली तरी मोजून घ्यावीत.

५. एकच लेखन निवडून पुन्हा लिहावं. सगळी वही नको, कंटाळा येतो. मी कृषी अधिकाऱ्यांना मोसंबीच्या फळगळीबद्दल लिहिलेलं पत्र घेतलं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट'पासून सुरू होणारा सगळा पाचोळा काढला. काय गळतंय, किती झाडांची, केव्हापासून, आम्हाला काय हवंय, एवढंच ठेवलं. 'आंबे बहार'ला शब्दकोशात जोड सापडेना. मग तो तसाच लिहिला आणि पुढे सांगितलं, जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुलं. पत्र दीड पानावरून अर्ध्यावर आलं.

६. दहावीच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर आपल्या तीनच चुका लिहाव्यात, दहा नाहीत. बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरात शेवटची पाच मिनिटं उरली, तर तेवढ्याच शोधता येतात. माझ्या: ताप येणं, 'द', राहिलेला 'हर'. यादी पेन्सिलने लिहावी, दिवाळीपर्यंत एखादी खोडायची आहे.