'क्रिस्तपुराणा'ची पटकथा : श्रोत्याचे स्थान

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'च्या (१६१६) दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ओवीबद्ध झाले आहे. त्याची पटकथा रचू पाहणारा प्रथम निवेदक पाद्री व प्रश्न विचारणारे श्रोते गाळील; कारण पडद्यावर कथा सांगावयाची नसते, दाखवावयाची असते. परंतु तसे केल्यास घटना उरतील, मराठीपण हरवेल. परभूमीतील हे चरित्र गोव्यातील सासष्टीच्या श्रोत्यांना आपले वाटावे, हे कार्य ही प्रश्नोत्तरेच करतात. दादासाहेब फाळके यांनीही ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण पाहिले. त्या प्रेरणेतून 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निर्माण झाला. पाहणारा स्वतःची भूमी सोबत आणतो. म्हणूनच श्रोत्याला पटकथेत पात्र म्हणून स्थान देणे, हीच मूळ ग्रंथाशी खरी निष्ठा होय.